पेटीवाल्याचे नाव

आपल्या मराठीतला ‘वाला’ हा प्रत्यय मोठा सोयीचा आहे. दूधवाला, भाजीवाला, पेपरवाला, टांगेवाला. माणूस दाराशी येतो, आपले काम करतो आणि निघून जातो. त्याचे नाव विचारायची आपल्याला कधी गरज पडत नाही, कारण त्याचे काम हेच त्याचे नाव होऊन बसलेले असते. बाजारात हे खपून जाते. नवल वाटते ते गाण्याच्या मैफलीचे. तिथे आपण केवढे अदबशीर असतो! थोर गवयाचे नाव घ्यायचे तर आधी कानाच्या पाळीला हात लावतो. गाणारे ते बुवा, खाँसाहेब, पंडितजी. तबल्यावर बसलेला निदान ‘तबलजी’ तरी असतो. आणि गवयाच्या डाव्या हाताला मान खाली घालून बसलेला जो इसम दोन-अडीच तास सुरांची सावली धरून असतो, तो मात्र पेटीवाला.

आता दिवाळीत गावोगाव पहाटेच्या मैफली होतील. आमच्या यवतमाळलाही होतात. निवेदक गायिकेच्या गुरुपरंपरेचे दहा मिनिटे वर्णन करतील, पणत्या, रांगोळ्या आणि फराळ यांवर काव्य करतील, प्रायोजकांची नावे तर दोनदा घेतील. मग साथीदारांची पाळी येईल आणि नेमके तेव्हाच समोर चहाचे पेले फिरू लागतील. पेटीवाल्याचे नाव त्या पेल्यांच्या आवाजात बुडून जाईल. त्याची काही तक्रार नसते. तो भाता मोकळा करून ‘काळी एक’ देतो आणि कार्यक्रम सुरू होतो.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीचा लेख या पेटीवाल्यांसाठी राखून ठेवला आहे. परंतु सुरुवात करतो ती पेटीपासून नव्हे, तर युरोपच्या उत्तरेला असलेल्या नॉर्वे देशातल्या एका पियानोवादकापासून. पियानो आणि पेटी ही दोन्ही पट्ट्यांची वाद्ये. एकमेकींच्या लांबच्या चुलत बहिणी म्हणा ना. आणि नाव राखणे व नाव देणे या बाबतीत त्या गृहस्थाने जे केले ते आपण ऐकण्यासारखे आहे.

त्याचे नाव एडवर्ड ग्रीग. जन्म १८४३ सालचा, बर्गन या बंदराच्या गावचा. चण लहानखुरी. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर छातीच्या दुखण्याने एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. उरलेले सगळे आयुष्य या माणसाने एका फुप्फुसावर काढले. आपल्या भाषेत सांगायचे तर भाता अर्धाच चालत होता, पण सूर पुरे लागत होते. संगीतकार म्हणून त्याची कीर्ती जगभर झाली. पण तो हाताचा पियानोवादकही होता, आणि स्वतःच्या छोट्या छोट्या रचना स्वतः वाजवण्यात त्याला रस होता. १९०३ सालच्या मे महिन्यात, साठीला पोचण्याच्या जरा आधी, तो पॅरिसला गेलेला असताना ग्रामोफोन कंपनीने त्याला कर्ण्यापुढे बसवले. त्याने नऊ तबकड्या मुद्रित केल्या. त्यांत फुलपाखरावरची एक रचना आहे, वसंताच्या आगमनावरची एक आहे, आणि ‘ट्रोल्डहाउगेनच्या घरचा लग्नाचा दिवस’ अशा नावाचीही एक आहे.

त्या तबकड्या आज कोणालाही ऐकता येतात. खरखर इतकी की पावसात पत्र्यावर कोणी पियानो वाजवतो आहे असे वाटावे. पण त्या खरखरीच्या मागे एक म्हातारा माणूस आपलेच काम किती सहजपणे, किती थोडक्यात सांगतो आहे हे लपत नाही. चार वर्षांनी, १९०७ साली, तो वारला. बर्गनजवळचे त्याचे ट्रोल्डहाउगेन हे घर आज स्मारक आहे. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १८९२ साली, भेट मिळालेला त्याचा पियानो त्या घरात आहे. आणि तो नुसता काचेमागे ठेवलेला नाही, वाजता आहे. लाइफ ओवे आन्सनेस नावाचा त्याच देशाचा आजचा नामांकित पियानोवादक, जन्म १९७०, त्या घरी गेला, त्या पियानोवर बसला आणि ग्रीगच्या रचनांची मुद्रिका २००२ साली प्रसिद्ध झाली. एइनार स्टेन-न्योक्लेबर्ग नावाच्या दुसऱ्या वादकाने तर ग्रीगचे सगळे पियानोसंगीत चौदा तबकड्यांत बसवले आहे. आजोबांनी वाजवले, घर राहिले, वाद्य राहिले, नातवंडांनी पुन्हा वाजवले. या साखळीची प्रत्येक कडी एका नावाने जोडलेली आहे.

ग्रीग पॅरिसला कर्ण्यापुढे बसला त्याच्या सहाच महिने आधी आपल्या देशात काय चालले होते? १९०२ सालच्या नोव्हेंबरात त्याच ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा तज्ज्ञ कलकत्त्याला आला होता आणि गौहरजान गात होती. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. तीन मिनिटांचे गाणे संपले की ती शेवटी खणखणीत आवाजात ‘माय नेम इज गौहरजान’ असे म्हणे. यात ठसका होताच, पण एक व्यवहारही होता. मूळ मुद्रण जहाजाने जर्मनीत हानोव्हरला जायचे, तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिराला आपली भाषा कळत नव्हती. कागदी लेबलावर कोणाचे नाव छापायचे हे त्याला कळावे म्हणून गाणाऱ्याने आपले नाव स्वतःच पुकारायचे, अशी ती रीत होती.

मला या रीतीत आपल्या सगळ्या संगीताच्या नोंदवहीचे सार दिसते. ज्याने नाव पुकारले त्याचे छापले गेले. साथीदार पुकारणार कसा? तीन मिनिटांतली शेवटची दोन पळे गाणाऱ्याची. साथीदाराचे बोट रेघेत उमटले, नाव उमटले नाही. त्या जुन्या तबकड्या लावून बसा. गाणारा कोण हे लेबल सांगते, राग सांगते, कधी ताल सांगते. मागे पेटी कोण वाजवतो आहे हे विचारलेत तर लेबल गप्प.

आता या पेटीची कुळकथा. ती मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हार्मोनियम या नावाने तिचे हक्क घेतले. युरोपात ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून, दोन्ही हातांनी वाजवायची वस्तू होती. आपल्याकडे मैफल बसते जमिनीवर. तेव्हा भाता पाठीमागे आणून तो हाताने चालवायची पेटी निघाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना तिचे श्रेय दिले जाते. डावा हात भात्यावर गेला, वाजवायला उजवा तेवढा उरला. साहेबाचे दोन हातांचे वाद्य आपण एका हातावर आणले आणि त्या एका हाताकडून काय काय करवून घेतले! पाय मोकळे झाले, वाद्य खांद्यावरून नेता येऊ लागले, आणि मग ते कुठे गेले नाही असे झाले नाही. संगीत नाटकात गेले, कीर्तनात गेले, शाळेच्या प्रार्थनेत गेले, तमाशात गेले, आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांच्या भजनी मंडळांत गेले. पुसद, दारव्हा, वणी, उमरखेड, आमच्या जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्यातले गाव घ्या. गावात दुसरे काही वाद्य असो वा नसो, देवळाच्या खोलीत कापडात गुंडाळलेली एक पेटी असायचीच.

या वाद्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली ती गोविंदराव टेंब्यांनी. कोल्हापूरकडच्या सांगवड्याचे हे गृहस्थ, जन्म १८८१. भास्करबुवा बखल्यांच्या मागे बसून त्यांनी पेटीची साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांची गायकी जवळून ऐकली, आणि पेटीवर गळ्याचे काम उतरवण्याचा ध्यास घेतला. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. पुढे त्यातला धैर्यधरही त्यांनी रंगवला. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या बरोबरीने ते भागीदार होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट आला, त्यातला हरिश्चंद्र तेच आणि संगीतही त्यांचेच. १९५५ साली ते निवर्तले.

परंतु मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. एवढा मोठा गवई. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. मग भास्करबुवा आपल्याला ठाऊक आहेत ते कशाच्या बळावर? एक शिष्यांच्या गळ्यावर, आणि दुसरे लिहिलेल्या शब्दांवर. ते शब्द लिहिणाऱ्यांत अग्रभागी कोण? गोविंदराव टेंबे! त्यांनी बुवांविषयी लिहिले. ‘माझा संगीत व्यासंग’ या १९३९ सालच्या पुस्तकात तो सगळा काळ उभा केला. म्हणजे पाहा, गवयाचे नाव राखले ते त्याच्या पेटीवाल्याने. डाव्या हाताला बसलेला माणूस सर्वांत जवळून ऐकत असतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, तुम्ही पेटीची एवढी तरफदारी करता, पण जाणत्यांनी तिला नावेच ठेवली आहेत.” खरे आहे, ठेवली आहेत, आणि ती उगाच ठेवलेली नाहीत. पेटीचे बारा सूर आधीच कापून, मापून बसवलेले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड तिला येत नाही. दरबारीतला तो झुलणारा कोमल गंधार तिला झुलवता येत नाही. शिवाय तिची जुळणी युरोपी पद्धतीची. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की तिच्या पोटातून जो गंधार आपोआप उमटतो त्याच्याहून पेटीचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. तयार कानाला तो खड्यासारखा लागतो. यावर उपाय शोधणारेही झाले. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुलकी सेवेतले इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच श्रुतींची पेटी तयार करवून घेतली होती, अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून तोच शोध पुढे नेला आहे.

पण नभोवाणीच्या कारभाऱ्यांनी उपायाची वाट पाहिली नाही. दिल्ली केंद्रावर काम करणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ साली पेटीवर खरमरीत लेख लिहिला. १९४० च्या जानेवारीत रवींद्रनाथ ठाकुरांनीही कलकत्ता केंद्राला पेटीविरुद्ध पत्र पाठवले. आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. इंग्रज गेले, बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीचे खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे तर आपले मराठी गृहस्थ. पण त्यांच्या अमदानीतही दार उघडले नाही. १९७० साली दिल्लीत या प्रश्नावर परिसंवाद झाला आणि १९७१ साली दार थोडे किलकिले झाले, तेही साथीपुरते. स्वतंत्र पेटीवादनाला पुढेही अनेक वर्षे ताटकळावे लागले.

एखाद्या रागात एखादा स्वर वर्ज्य असतो, तशी पेटी एकतीस वर्षे नभोवाणीला वर्ज्य होती. या बंदीचा हिशेब करताना आपण वाद्याचा विचार करतो, माणसांचा करीत नाही. मैफलीत गवयांना पेटीवाचून चालत नव्हते. तेच गवई नभोवाणीवर जात तेव्हा पेटीवाल्याला दाराबाहेर ठेवून जात. ज्या काळात घराघरांत गाणे पोचवणारे तेच एक मोठे साधन होते, त्या काळात एका अख्ख्या पिढीच्या बोटांना तिथे जागा नव्हती. तबकडीवर नाव नाही आणि नभोवाणीवर वाद्यच नाही. मग नोंद राहणार कुठे?

इथे मला पुन्हा नॉर्वेच्या म्हाताऱ्याकडे वळायचे आहे. कारण पेटीवर जे आक्षेप आहेत, तेच पियानोवरही घेता येतात. त्याचेही सूर कापूनच बसवलेले. त्यालाही मींड नाही. आणि पेटीचा सूर भाता असेतो टिकतो तरी, पियानोचा वाजता क्षणीच मावळू लागतो. नॉर्वेच्या खेड्यांत मात्र एक फिडल वाजते. तिच्या वाजवायच्या तारांखाली आणखी तारा असतात आणि त्या आपोआप गुंजतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. तिचे सूर पियानोच्या पट्ट्यांत नेमके बसत नाहीत. टेलेमार्क परगण्यातला क्नुट डाले नावाचा एक म्हातारा फिडलवाला होता. आपल्याबरोबर ही जुनी गाणी मरून जातील या धास्तीने त्याने ग्रीगला पत्र लिहिले. ग्रीगने आपल्या ओळखीच्या योहान हाल्वोर्सेन या व्हायोलिनवादकाला कामाला लावले. त्याने १९०१ साली म्हाताऱ्याला समोर बसवून सतरा नाचगाणी उतरवून घेतली, आणि पुढच्या दोन वर्षांत ग्रीगने ती पियानोवर बसवली. पियानोला जे येत नाही ते येत नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी जवळजवळच्या पट्ट्या एकदम दाबून, खडबडीत सूर मुद्दाम आणून त्याने त्या फिडलचा भास उभा केला.

आणि यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्या सतरा तुकड्यांपैकी कित्येकांच्या मथळ्यांत गावकरी वादकांची नावे आहेत. निल्स रेक्वेचा नाच, क्नुट लुरोसेनचा नाच. काही चीजा ‘मिलरगुत’ याच्याकडून आलेल्या. हे मिलरगुत म्हणजे काय? तर ‘गिरणीवाल्याचा पोरगा’! त्या खेड्यातही लोक माणसाला त्याच्या धंद्यावरूनच ओळखत होते. आपल्या ‘वाला’ची आणि त्यांची रास एकच. पण जगप्रसिद्ध संगीतकाराने तो गिरणीवाल्याचा पोरगा आपल्या वहीतून खोडला नाही. आज जगात कुठेही कोणी पियानोवर ती चीज वाजवायला घेतली की आधी त्याचे नाव छापावे लागते. वाद्य उणे असले तरी चालेल, माणूस उणा होता कामा नये, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे पेटीला आणि पेटीवाल्याला नाव मिळवून देणारे झालेच नाहीत असे नव्हे. मधुकर पेडणेकर, म्हणजे रसिकांचे पी. मधुकर, यांनी नाट्यपदे पेटीवर अशी गायिली की ऐकणाऱ्याला शब्द ऐकू यावेत. त्यांच्या पेटीच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर. गोव्यातल्या बोरीचे, जन्म १९३४. छोटा गंधर्वांच्या नाटकांना त्यांनी ऑर्गनची साथ केली, मोठमोठ्या गवयांच्या मागे बसले, स्वतंत्र वादन केले, शिष्य तयार केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते गेले. आमच्या शेजारच्या मराठवाड्यातले अप्पा जळगावकर, जन्म १९२२, संगीत नाटक अकादमीचा मान मिळवून २००९ साली निवर्तले. भीमसेनांपासून कितीतरी गवयांच्या मैफली त्यांच्या बोटांनी भरलेल्या आहेत. नाट्यसंगीताच्या वेडाने झपाटलेल्या घरांत गोविंदराव पटवर्धनांचे नाव आजही आपलेपणाने घेतात. आणि पु. ल. देशपांडे? महाराष्ट्राला हसवणारा हा माणूस पेटीवर बसला की हसवायचे विसरून जाई. आमच्या शकुंतला रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापूरला, जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याला पु.लं.ची पेटी, हा योग ज्यांनी ऐकला ते भाग्यवान.

पण विदर्भाने अभिमान धरावा असे नाव मनोहर चिमोटे यांचे. जन्म नागपूरचा. भीष्मदेव वेदी हे त्यांचे गुरू. पेटीला तारांची जोड द्यावी ही कल्पना वेदींची. ती चिमोट्यांनी प्रत्यक्षात आणली. पेटीच्या माथ्यावर स्वरमंडळ बसवले, पट्ट्या बोटाच्या हलक्या दाबालाही बोलतील अशा केल्या, आणि आयुष्य साथीला नव्हे, स्वतंत्र वादनाला वाहिले. एका हाताची बोटे पट्ट्यांवर आणि मधूनच तारांवरून फिरणारी एक लकेर. त्या नॉर्वेच्या फिडलच्या खालच्या तारांची मला इथे हटकून आठवण होते. दोन्हीकडे प्रयत्न एकच, की कापलेल्या सुरांच्या फटीतून थोडी गुंज वाहावी. या वाद्याला त्यांनी नाव दिले ‘संवादिनी’. पेटी म्हणजे काय हो? ट्रंकही पेटी, पोस्टाचीही पेटी, आंब्यांचीही पेटी. तिला संवादिनी म्हटले की ती खोके उरत नाही, बोलणारी होते. आज हे नाव मराठी कार्यक्रमपत्रिकांत सर्रास दिसते; ते कोणी रूढ केले हे मात्र पत्रिकेत नसते. २०१२ साली चिमोटे गेले.

आता थोडे घरचे. माझे वडील दारव्ह्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. शिकवले कोणी नाही. ऐकून, चाचपडून आले ते आले. गुरुवारी संध्याकाळी देवळाकडे जाताना कोणी तरी हमखास विचारी, “आज पेटीवर कोन हाये?” आणि दुसरा सांगे, “गुर्जी हायेत ना.” मग विचारणारा निश्चिंत होई. एका साली मंडळाने कॅसेट काढायचे ठरवले. वर्गणी जमली, मंडळी एस.टी.ने एका मोठ्या शहरात गेली, एका दिवसात दोन्ही बाजू मुद्रित झाल्या. महिन्याभराने कॅसेटी आल्या. वेष्टनावर देवाचे चित्र, मुख्य गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली ‘व साथीदार’. आईला वाईट वाटले. वडिलांनी वेष्टन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “आवाज नीट आला ना? मग झालं.”

वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांचे दोन-तीन फोटो आहेत, हस्ताक्षर आहे. आवाज कुठेही नाही. ती कॅसेट आहे. तिसऱ्या भजनात गायक एका कडव्यानंतर दम घ्यायला थांबतो आणि चार मात्रा पेटी एकटी वाजते. भाता किंचित करकरतो. आई भजन ऐकत नाही, त्या चार मात्रांची वाट पाहते. आता ती भजने कोणी तरी मोबाइलवरही आणली आहेत. तिथेही गायकाचेच नाव आहे. माझ्या मुलीने परवा विचारले, “यात आजोबा कुठे आहेत?” तिने नाव शोधले होते. ते तिथे नव्हते. मी तिला म्हटले, गाणे थांबले की ऐक. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “पण हे मला तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. उद्या माझ्या मुलांना कोण सांगेल?”

मराठीचा अध्यापक असून मला याला उत्तर सुचले नाही. शब्दांच्या बाबतीत आम्ही फार जागरूक असतो. यवतमाळला दोनदा साहित्य संमेलन भरले. १९७३ साली अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, २०१९ साली अरुणा ढेरे. हे आमचे विद्यार्थीही सांगतील. पण त्या मांडवांत कोणी गाणे म्हटले असेल, तर त्याच्या मागे पेटीवर कोण होते, हे सांगणारा मिळेल काय? आणि प्रश्न केवळ मानाचा नाही. नाव नसले की धागा तुटतो. एखाद्या मुलाला जुन्या मुद्रणातली साथ आवडली, तर याने आणखी कुठे वाजवले, कोणाकडे शिकला, कोणाला शिकवले, हे शोधायला त्याच्या हाती काही नसते. गौहरजानची एक तबकडी ऐकून तिच्या उरलेल्या तबकड्या शोधता येतात. अनाम बोटांचा माग कोण काढणार? सूर राहतो, पण तो कोणाचाच राहत नाही.

यावर सरकारने काही करावे, अकादम्यांनी काही करावे, अशी मागणी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती करायला हरकत नाही. पण एक काम घरातले आहे आणि ते याच दिवसांतले आहे. दिवाळीची साफसफाई म्हटली की माळ्यावरून जुन्या ट्रंका उतरतात आणि त्यांत कॅसेटी निघतात. लग्नातली मंगलाष्टके, शाळेचे स्नेहसंमेलन, गावचा सप्ताह, आत्याच्या गाण्याच्या परीक्षेआधीचा सराव. वाजवायचे यंत्र घरात उरलेले नसते, म्हणून त्या रद्दीवाल्याकडे जातात. तशा जाऊ देऊ नका. भाऊबिजेला सगळे जमतील, म्हातारी माणसे असतील. कोणाच्या तरी घरी यंत्र निघेलच. लावा आणि विचारा, मागे पेटी कोणाची? तबला कोणाचा? टाळ कोण धरतो आहे? आठवणारी माणसे आज आहेत. आमच्या आईने त्या एका कॅसेटवरची पाचही नावे एका दमात सांगितली. झांजवाल्याचे तर तिने आडनाव, गाव आणि सासुरवाडीही सांगितली.

नावे मिळाली की वेष्टनाच्या आतल्या कागदावर ती पेन्सिलीने लिहून ठेवा. साल लिहा, गाव लिहा. मोबाइलवर चढवणार असाल तर तिथेही लिहा. कागद लहान असतो, पण ‘व साथीदार’ या दोन शब्दांखाली चार-पाच नावे मावतील एवढी जागा प्रत्येक वेष्टनावर कोरी सोडलेली असते. मी मोजून पाहिली आहे.